अक्कांचे पंधरा बाँड

नारखेडे अक्कांनी मला पहिल्यांदा मूर्ख म्हटलं तेव्हा मला त्यांच्या घरात राहायला येऊन दोन तासही झाले नव्हते. बँकेने माझी बदली धुळ्याहून जळगावला केली होती आणि आमचं सामान अजून टेम्पोतून उतरत होतं. भाडेकराराच्या कागदावर सही करून मी तो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो हातातही घेतला नाही.

"वाचला?" त्यांनी विचारलं.

"वाचला की."

"मग तिसऱ्या कलमात काय आहे?"

मी काहीतरी पुटपुटलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "तिसऱ्या कलमात लिहिलंय की गच्चीची गळती भाडेकरूने स्वखर्चाने काढून द्यायची. आणि तुम्ही सही करून मोकळे. बँकेत काम करता आणि मूर्ख आहात."

मग लाल पेनने त्यांनी ते कलम स्वतःच खोडलं आणि बाजूला सही केली. ते त्यांनी मुद्दाम घातलेलं होतं. माझ्याआधीच्या तिन्ही भाडेकरूंची अशीच परीक्षा झाली होती आणि तिघेही नापास झाले होते. हे सांगताना त्यांना आनंद झाला होता असं मला वाटलं. पुढे कळलं की लोक नापास झाले की त्यांना आनंद होत नसे. फक्त आपला अंदाज बरोबर आला एवढंच समाधान मिळे.

मुलींच्या शाळेत तेहेतीस वर्षं गणित शिकवून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. बुटक्या, काटक, केस करकचून मागे ओढलेले. लग्न केलं नव्हतं. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची आणि त्यांना टाळायची. वीज मंडळाच्या खिडकीवरचा कारकून त्या रांगेत दिसल्या की चहाला उठायचा, कारण प्रत्येक बिल त्या घरी पुन्हा करून आणत. एकदा एका सराफाच्या दुकानात घट आणि मजुरी यांचा हिशेब त्यांनी गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने सोडवून दाखवला. सराफाने हात जोडून त्यांना चहा मागवला. चहा न घेता त्या बाहेर पडल्या. "चोर असता तर चाललं असतं. त्याला गुणाकारच येत नाही," असं म्हणाल्या.

'अर्धवट' हा त्यांचा आवडता शब्द. नगरपालिका अर्धवट, वर्तमानपत्रं अर्धवट, कीर्तनकार अर्धवट, आणि सावद्याला केळीची शेती करणारा त्यांचा धाकटा भाऊ तर पहिल्या नंबरचा अर्धवट. मी त्या यादीत कुठे होतो ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण वरच्या बाजूला असणार.

त्यांच्यासोबत कुसुम राहायची. अक्कांची सगळ्यात धाकटी बहीण. लहानपणी डोक्यात ताप गेला आणि तिची समज सात-आठ वर्षांच्या मुलीएवढीच राहिली. मी पाहिलं तेव्हा ती चाळिशी ओलांडलेली होती. गोरी, गोल, सदा प्रसन्न. तूरडाळ निवडण्यात तिचा हात कुणी धरला नसता. गल्लीतल्या बायका डाळीची ताटं तिच्यापुढे ठेवून जात आणि ती एकही खडा सोडत नसे. ती ताटातून वर बघून, येईल त्याला, "तुझं नाव काय?" असं विचारायची. मला तिने हे सात वर्षांत शेकडो वेळा विचारलं. जगात एवढं एकच माणूस होतं की ज्याच्याशी बोलताना अक्कांच्या आवाजातली धार जायची.

दिवाळीला सावद्याहून भाऊ यायचा. केळीचा घड खाली ठेवून दारातच उभा राहायचा. एका वर्षी मी तिथेच होतो.

"अक्का, कुसुमले घेऊन चाल ना सावद्याले," तो म्हणाला. "सिंधू बी म्हनते. घर मोठं आहे."

"घर मोठं आहे, घरातल्यांचं काय?" अक्का म्हणाल्या. "तुझ्या बायकोला घड्याळ वाचता येत नाही. दिवसभर तोंड चालू. तिच्या हाती मी कुसुमला देऊ?"

त्याने कुसुमच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेला. भावजयीबद्दल अक्का नेहमी 'तुझी बायको' किंवा 'ती' असंच म्हणत. नावाने कधी नाही.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढे जे झालं त्यात माझा हात होता. बँकेतल्या माणसाला बाहेर बचतपत्रांची, बाँडची एजन्सी घेता येत नसे. म्हणून आम्ही सगळे ती बायकोच्या नावावर घेत असू. माझीही होती, शैलाच्या नावावर. फॉर्म मी भरायचो, कमिशनच्या पावतीवर ती सही करायची. अक्कांना हे कळलं तेव्हा त्या शैलाला म्हणाल्या, "तुमच्या नवऱ्याला तुमचं फक्त नाव लागतं. बाकीचं काय करता दिवसभर?" शैला घरी येऊन रडली. ती शिरपूरकडची, रागावली की माहेरची बोली बोलायची. रडून झाल्यावर म्हणाली, "ती सांगस ते बठ्ठं खरं शे." सगळंच खरं वाटलं म्हणून दुसऱ्या दिवशी ती खाली गेली आणि अक्कांना म्हणाली, मला शिकवा. अक्कांनी तिला टक्केवारीपासून सुरुवात करून दिली. रोज अपमान करत शिकवलं. शैला रोज जात राहिली.

त्याच सुमारास ते बाँड आले. एका मोठ्या वित्तसंस्थेचे. आज पाच हजार भरायचे आणि वीस वर्षांनी एक लाख घ्यायचे. मधे व्याज नाही, काही नाही. दर्शनी किंमत लाखाची, विक्री पाच हजाराला. सगळं गाव पिसाळल्यासारखं झालं. डाळमिलवाले, मास्तर, डॉक्टर, सगळे नातवंडांच्या नावाने फॉर्म मागायला लागले. वीस वर्षांनी लाखात काय येईल हे कुणी विचारलं नाही. लाख हा शब्दच पुरेसा होता. आणि मी, चारचौघांसारखाच हावरा, संध्याकाळी बँक सुटली की फॉर्मचा गठ्ठा घेऊन गल्लोगल्ली फिरायचो.

कराचं कुणी विचारलंच, तर मी कासार वकिलांचं वाक्य म्हणून दाखवायचो. कासार आयकराची कामं बघायचे. सफारी घालायचे आणि प्रत्येक प्रश्नाला आधी हसायचे. ते सांगायचे, "आत्ता हातात काही येत नाही ना? मग आत्ता काही दाखवायचं नाही. पुढे मिळेल तो भांडवली नफा. त्याला सवलती असतात. वीस वर्षांनी बघू." हे वाक्य लोकांना फार आवडायचं. मलाही.

मी अक्कांकडे फॉर्म घेऊन गेलो. त्यांनी लॉगच्या कोष्टकांची वही काढली, पाच मिनिटं काहीतरी मांडलं आणि म्हणाल्या, "सोळा टक्के, वर थोडं. वाईट नाही." मग फॉर्म उलटा करून भिंग लावून मागची बारीक अक्षरं वाचायला लागल्या. मी चहा संपवला, शैलाने भांडी विसळली, तरी त्या वाचत होत्या.

"नववा मुद्दा वाचलात?" त्यांनी विचारलं.

मी वाचला नव्हता.

"पाच वर्षांनी संस्थेला वाटलं तर ती साडेदहा हजार देऊन बाँड परत घेऊ शकते. तुम्ही नाही म्हणू शकत नाही. म्हणजे व्याजाचे दर वाढले तर तुम्ही अडकलात आणि उतरले तर ते सुटले. हे तुम्ही किती जणांना सांगितलंत?"

"कुणी विचारलं नाही, अक्का."

"विकता ते काय आहे हे तुम्हाला माहीत नाही. त्यातल्या त्यात बरं. माहीत असून विकत असता तर वर राहायला जागा दिली नसती."

एवढं बोलून त्यांनी पंधरा फॉर्म मागितले. पंचाहत्तर हजार, निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशातला मोठा भाग. सगळे बाँड कुसुमच्या नावाने, पालक म्हणून सही अक्कांची. मी न राहवून विचारलं, एवढं माहीत असून का घेता? त्या आतल्या खोलीकडे बघत म्हणाल्या, "वीस वर्षांनी मी नसेन. ती असेल. तेव्हा पंधरा लाख असले तर एक बाई ठेवता येईल, एक खोली राखता येईल. कुणाच्या दारात जायला नको. दुसरीकडे एवढं व्याज वीस वर्षं बांधून मिळत नाही. नववा मुद्दा आहे, पण तो वापरतीलच असं नाही." मग म्हणाल्या, "मी त्यांना पत्र लिहून विचारणार आहे." त्यांनी खरंच लिहिलं. दोन महिन्यांनी छापील उत्तर आलं: आपल्या विश्वासाबद्दल आभारी आहोत. ते पत्र त्यांनी लाल पेनने तपासलं. त्यात शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या.

मग त्यांनी एक फूलस्केप कागद आखला. पाच हजारांचे पहिल्या वर्षाअखेर किती, दुसऱ्या वर्षाअखेर किती, अशा वीस ओळी. कासार वकिलांचं म्हणणं मी सांगितलं तेव्हा त्या खरोखर चिडल्या.

"नफा केव्हा होतो? एखादी वस्तू तिसऱ्याला विकली की. मी हा बाँड उद्या बाजारात कुणाला विकला, तर नफा म्हणा. पण ज्याला पैसे दिले त्याच्याकडूनच मुदतीनंतर वाढवून घेतले तर ते व्याज. त्याला दुसरं नाव देऊन ते बदलत नाही. आणि वीस वर्षांचं व्याज एकाच वर्षी दाखवलं तर सगळ्यात वरच्या दराने कर जाईल. दरवर्षी जेवढं वाढलं तेवढं दरवर्षी दाखवलं तर कुसुमचं उत्पन्न कराच्या मर्यादेच्या आतच राहील. सातवीतल्या मुलीला समजेल. तुमच्या वकिलाला समजत नाही कारण त्याला समजून घ्यायचं नाही. आज कटकट नको, एवढंच त्याला कळतं."

त्या वर्षापासून अक्का कुसुमचं रिटर्न भरायला लागल्या. उन्हाळ्यात, जळगावचं ऊन ऐन माथ्यावर असताना, कुसुमला जरीकाठाची साडी नेसवून रिक्षाने आयकर कचेरीत न्यायच्या. तिला न्यायची गरज नव्हती. पण रिटर्न तिचं आहे, तर ती हजर पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. एका वर्षी मी त्यांना स्कूटरवरून कचेरीबाहेर गाठलं आणि आत गेलो. खिडकीमागचा कारकून हसत म्हणत होता, "अहो बाई, यांचा कर शून्य. बाँडचे पैसे अजून मिळालेच नाहीत. मग कशाला भरता?"

"कर शून्य आहे हे मला कळतं," अक्का म्हणाल्या. "पोच द्या."

"उगाच कागद वाढतो आमचा."

"तुमचा कागद वाढतो म्हणून सरकार तुम्हाला पगार देतं. शिक्का मारा. तारीख नीट उठली पाहिजे."

त्याने शिक्का मारला. कुसुमने त्याला विचारलं, "तुझं नाव काय?" तो गोंधळला आणि मग त्याने सांगितलं.

गल्लीत या रिटर्नची चेष्टा व्हायची. समोरचे महाजन, रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यांनी दहा बाँड घेतले होते. ते ओट्यावरून म्हणायचे, "न मिळालेल्या पैशाचं रिटर्न. शिकून शिकून डोकं फिरलं बाईचं." आणि मीही हसायचो. हे लिहिताना लाज वाटते, पण हसायचो.

पाच वर्षं झाली. व्याजाचे दर उतरायला लागले होते. एक दिवस सगळ्यांना एकसारखं पत्र आलं: नवव्या मुद्द्यानुसार संस्था बाँड परत घेत आहे, प्रत्येकी साडेदहा हजार मिळतील. गावात आरडाओरडा झाला. लोक माझ्या दारात आले. महाजन तर शैलाच्या अंगावर ओरडले, एजन्सी तिच्या नावावर म्हणून. मी जिन्यात उभा होतो आणि काहीच बोललो नाही. अक्का खालून वर आल्या आणि महाजनांना म्हणाल्या, "हिच्यावर काय ओरडता? पाच वर्षं तो कागद तुमच्या कपाटात होता. पाठीमागे छापलंय. पाठ तुम्ही बघितली नाही. हिच्या नवऱ्यानेही बघितली नाही. तुम्ही दोघं एकमेकांवर ओरडा." महाजन खाली गेले. माझ्याकडे अक्कांनी पाहिलंसुद्धा नाही.

पुढच्या वर्षी कराच्या नोटिसा आल्या. पाच वर्षांची सगळी वाढ एकाच वर्षाचं व्याज म्हणून धरलेली. कासार वकील 'भांडवली नफा' म्हणत कचेरीत गेले आणि पडेल चेहऱ्याने परत आले. महाजनांनी कर भरला, वर दंडाचं व्याज. कासारांनी आपली फी तेवढी सोडली नाही. कुसुमलाही नोटीस आली, कारण अक्कांनी शेवटच्या वर्षी फक्त शेवटच्या वर्षाची वाढ दाखवली होती.

अक्कांनी वकील केला नाही. शैलाला बरोबर घेतलं आणि मला "बसायला" चला म्हणाल्या. अधिकारी तरुण होता, नुकताच बदलून आलेला. त्याने सरळच विचारलं, "पैसे त्या एकाच वर्षी मिळाले ना? मग बाकी व्याज का दाखवलं नाही?"

"दाखवलंय," अक्का म्हणाल्या. "दरवर्षी दाखवलंय."

शैलाने एकेक करून पोचपावत्या टेबलावर मांडल्या आणि शेजारी तो आखलेला फूलस्केप कागद. अक्का गप्प राहिल्या, बोलली शैला. पहिल्या वर्षी किती वाढलं, किती दाखवलं, दुसऱ्या वर्षी किती. आधी ती कागदावर बघून सांगत होती, तिसऱ्या वर्षापासून न बघता. ज्या व्याजाची तुमच्याच कचेरीने पोच दिली ते पुन्हा मोजता येणार नाही, असं ती म्हणाली. टक्केवारीही न येणारी माझी बायको.

अधिकाऱ्याने बराच वेळ कागद चाळले. शेवटी म्हणाला, "बरोबर आहे. कर लागत नाही. बाई, असं करणारं मी जळगावात दुसरं कुणी पाहिलं नाही."

"तुमच्या माणसांनी शिक्के बघून मारले असते तर ही खेप वाचली असती," अक्का म्हणाल्या आणि उठल्या.

मला वाटलं होतं त्या खूश असतील. रिक्षात त्या फूलस्केप कागदाच्या उरलेल्या पंधरा ओळींवरून बोट फिरवत होत्या. दोन दिवसांनी त्या वर आल्या. आमच्याकडे त्या कधीच येत नसत. काम असलं की खालून हाक मारत. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या. हातात नवा आखलेला कागद होता. परत मिळालेले पैसे आताच्या व्याजाने ठेवले तर उरलेल्या पंधरा वर्षांत किती होतील, ते त्यांनी मांडलं होतं. पंधरा लाखांच्या जवळपासही जात नव्हते.

"मांडणी चुकली नव्हती," त्या म्हणाल्या. "पण पुरत नाही."

मी म्हणालो, "अक्का, काहीतरी मार्ग निघेल."

माझ्याकडे न बघताच त्यांनी कागदाची घडी केली. मग शैलाला म्हणाल्या, "कुसुमला सांभाळ असं मी म्हणत नाही. तो तुझा प्रश्न नाही. माझ्यामागे दरवर्षी तिचं रिटर्न भरशील? एवढंच. कागदोपत्री तरी ती आहे, असं कुणीतरी लिहून ठेवायला हवं."

शैला हो म्हणाली. अक्का लगेच उठल्या. जिन्यात त्यांचा पाय अडखळला. मी पुढे झालो, पण त्यांनी हात घेतला नाही.

त्याच उन्हाळ्यात त्यांनी खालचं घरही भाड्याने दिलं आणि कुसुमला घेऊन सावद्याला गेल्या. भाऊ टेम्पो घेऊन आला होता. त्याने कुसुमला हात धरून टेम्पोत बसवलं. गल्लीत लोक म्हणाले, बरं झालं, खोड मोडली बाईची. महाजनांनी ते जरा मोठ्यानेच म्हटलं. अक्का ऐकून थांबल्या नाहीत. मी तेव्हा महाजनांना काही म्हणालो नाही. ते काम मी आयुष्यभर दुसऱ्यांवर सोडलं आहे.

माझी पुन्हा धुळ्याला बदली झाली. जाण्याआधी आम्ही दोघं सावद्याला गेलो, शैलाने भरलेल्या त्या वर्षीच्या रिटर्नची पोच द्यायला. दुपार होती. घराच्या मागे केळीची बाग आणि पुढे शेणाने सारवलेलं अंगण. अक्का बाजेवर बसल्या होत्या. थोड्या वाळल्या होत्या. पोच हातात घेऊन त्यांनी तारीख वाचली आणि घडी करून ठेवली. शैलाला म्हणाल्या, "नीट उठली आहे."

कुसुम जमिनीवर बसली होती आणि सिंधू, भावाची बायको, मागे बसून तिच्या केसांना तेल लावत होती. कुसुमला हिरवी बांगडी, हिरवी साडी, कपाळाला भलं मोठं कुंकू. ती डोळे मिटून हसत होती. सिंधू हाताबरोबर तोंडही चालवत होती. रावेरला कुणी नवे लोक आलेत म्हणे, तीन वर्षांत पैसे दुप्पट करून देतात, कागद बी देतात रंगीत, सगळ्या बायकांनी टाकले.

"मी बी टाकले बापा, केळीचे आले त्यातले," ती म्हणाली आणि हात न थांबवता बाजेकडे वळून बघितलं. "बरोबर केलं ना वं, अक्का?"

शैलाने माझ्याकडे पाहिलं. अक्कांचा जबडा आवळला. पुढचं वाक्य मला पाठ होतं. सात वर्षं मी ते वेगवेगळ्या रूपांत ऐकत आलो होतो. सिंधूची बोटं कुसुमच्या केसांत होती आणि कुसुमचं डोकं तिच्या गुडघ्याला टेकलेलं. अक्कांनी त्या दोघींकडे पाहिलं.

"चांगलं केलंस, सिंधू," त्या म्हणाल्या आणि वाकून तेलाची वाटी तिच्या हाताजवळ सरकवली.